अक्षराचा खंड : जव्हार-मोखाडा, महामारी आणि शाळा

जव्हारजवळ शिरपामाळ नावाचा माळ आहे. जानेवारी १६६४ मधील सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराजांचा मुक्काम येथे पडला, जव्हारचा राजा विक्रमशहा याने त्यांचे स्वागत करून त्यांच्या मस्तकी शिरपेच चढवला आणि त्या शिरपेचावरून माळाला हे नाव मिळाले, अशी परंपरा सांगितली जाते. सन्मानाचे ते नाते फार काळ टिकले नाही. १६७२ मध्ये मोरोपंतांनी जव्हार जिंकून घेतले. नाव मात्र राहिले. एका मुक्कामाची आठवण साडेतीनशे वर्षे एका माळाने सांभाळली.

याच जव्हारात आणि शेजारच्या मोखाड्यात मार्च २०२० पासून सुमारे दोन वर्षे शाळा कधी पूर्ण बंद, कधी अर्धवट उघड्या राहिल्या. पहिली ते चौथीची मुले तर वीस महिन्यांहून अधिक काळ वर्गाबाहेर होती. या काळाची आठवण कोठे राहिली आहे, असा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारला, तर त्याला प्रथम शाळेच्या दप्तराकडे जावे लागेल. आणि तेथे त्याला काहीच सापडणार नाही. निकालपत्रकांत इयत्तेमागून इयत्ता ओळीने लागलेली आहे. २०२० मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये पहिली ते आठवीच्या सर्व मुलांना परीक्षेविना वरच्या वर्गात घालण्यात आले. २०२१ मध्ये दहावीची परीक्षा रद्द होऊन अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला, तो राज्यात ९९.९५ टक्के होता. कागद पाहून मत बनवायचे झाले, तर ज्या वर्षी शाळा जवळजवळ भरलीच नाही, ते महाराष्ट्राच्या शिक्षणाच्या इतिहासातील सर्वांत यशस्वी वर्ष ठरते.

परीक्षेविना पुढे घालण्याचा निर्णय चूक होता असे येथे सुचवायचे नाही. त्या परिस्थितीत मुलांना मागे ठेवणे अधिक अन्यायाचे झाले असते. प्रश्न नोंदीचा आहे. महामारीने मुलांचे जे नेले ते दप्तरात दिसत नसेल, तर ते नेमके काय होते आणि ते कोणत्या भाषेत सांगायचे? प्रस्तुत लेखाचा विषय एवढाच आहे.

१

साथ आणि शाळा यांचा संबंध महाराष्ट्राला नवा नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उघडकीस आला आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथरोग अधिनियम संमत केला. त्यानंतर सुमारे महिनाभराने, १० मार्च १८९७ रोजी, पुण्याजवळ प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचा मृत्यू झाला. ज्या स्त्रीने १८४८ पासून मुलींना अक्षर दिले, तिच्या आयुष्याचा शेवट साथीने केला, हा योगायोग आपण नेहमी सांगतो. तो कायदा १२३ वर्षांनंतरही पुस्तकात होता आणि मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने त्याचाच आधार घेऊन आदेश काढले, हे मात्र आपल्या तितकेसे ध्यानात राहत नाही. साथीच्या वेळी काय बंद करता येईल, हे तो कायदा सांगतो. जे बंद केले त्याच्या जागी काय उभे करायचे, याविषयी तो मौन पाळतो. हे मौन १८९७ च्या राज्यकर्त्यांच्या दृष्टीशी सुसंगतच होते.

दुसरा टप्पा १९१८ चा. जूनमध्ये मुंबई बंदरातून इन्फ्लुएन्झा शिरला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दुसऱ्या लाटेत त्याने कहर केला. एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसे दगावली. त्यात वीस ते चाळीस वयाच्या, म्हणजे आईबापांच्या पिढीतील माणसांचे प्रमाण मोठे होते. पाऊसही त्या वर्षी फसला. याच १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेल यांच्या पुढाकाराने मुंबई इलाख्यात नगरपालिकांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा देणारा कायदा अमलात आला. त्याच्या आदल्या वर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात सक्तीच्या मोफत शिक्षणाचे पाऊल उचलले होते. एका हाताने कायदा मुलाला शाळेकडे ओढत होता आणि दुसऱ्या हाताने साथ त्याच्या घरातला कर्ता माणूस नेत होती.

जव्हार-मोखाडा या दोन्ही हातांच्या बाहेर होता असे म्हटले तर त्यात अर्धेच सत्य आहे. साथ डोंगर चढून येते, कायदा येत नाही. जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान होते. ते १९४८ मध्ये विलीन झाले. तोवर इलाख्याचा कायदा तेथे लागू नव्हता. मोखाडा ब्रिटिश अमलाखाली असला तरी १९१८ चा कायदा नगरपालिकांपुरता होता आणि ग्रामीण भागापर्यंत सक्ती नेणारा कायदा यायला १९२३ उजाडले. तोही कागदावरून पाड्यावर उतरायला आणखी कित्येक दशके लागली. म्हणून २०२० मध्ये येथे जे बंद पडले, ते शहरातल्यासारखे दीडशे वर्षांचे रुळलेले शिक्षण नव्हते. अनेक घरांत शाळेची पायरी चढणारी ती पहिली किंवा दुसरी पिढी होती. शहरात शाळा बंद झाल्यावर घरात पुस्तक उरते, वर्तमानपत्र उरते, वाचून दाखवणारी आजी उरते. येथे शाळा बंद झाली, की घरात छापलेला कागद म्हणून शिधापत्रिका आणि औषधाचे वेष्टन एवढेच अनेकदा उरते.

२

आजच्या पालघर जिल्ह्याला (हा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला) शिक्षणाच्या विचारात एक मोठा वारसा आहे आणि तो या संदर्भात आठवणे आवश्यक आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ मध्ये हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. ताराबाई आणि अनुताई वाघ यांना तेथे एक साधी गोष्ट दिसली. आदिवासी मूल शाळेत येत नाही, कारण ते रानात गुरे राखते किंवा धाकट्या भावंडाला सांभाळते. मग शाळेनेच त्याच्याकडे जायचे. गुरे चरतात त्या कुरणात भरणारी ती कुरणशाळा, पाड्यातल्या अंगणात भरणारी ती अंगणवाडी. ‘अंगणवाडी’ हा शब्द पुढे १९७५ च्या एकात्मिक बालविकास योजनेबरोबर देशभर गेला. कुरणशाळा मात्र कोसबाडच्या इतिहासातच राहिली.

दुसरी वाट आश्रमशाळेची. ठक्कर बाप्पांच्या कामापासून तिचा उगम सांगता येतो आणि १९७० च्या दशकापासून शासनाने ती मोठ्या प्रमाणावर स्वीकारली. तिचा विचार नेमका उलटा होता. मुलाला पाड्यावरून उचलून निवासी शाळेत आणायचे, तेथे त्याला जेवण, अंथरूण आणि अक्षर तिन्ही द्यायचे. जव्हार आणि डहाणू येथील आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांखाली अशा शाळांचे जाळे उभे राहिले.

तिसरी वाट स्थलांतराने घडवली. भातकापणी आणि दिवाळी उरकली, की या भागातील कुटुंबे मुलाबाळांसह भिवंडी, वसई, कल्याणच्या दिशेने वीटभट्ट्यांवर जातात. कच्च्या विटा रचून उभारलेल्या त्यांच्या झोपडीला भोंगा म्हणतात. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसदेने १९९० च्या दशकात भट्टीवरच्या मुलांसाठी वर्ग चालवले, ते ‘भोंगाशाळा’ म्हणून ओळखले गेले.

तिन्ही वाटांत एकच वाद आहे : मुलाने शाळेकडे जायचे की शाळेने मुलाकडे? त्याची उत्तरे वेगवेगळी असली, तरी दोन्ही बाजूंना एक गोष्ट गृहीत होती. शेवटी मूल आणि शिक्षक एका जागी, हाताच्या अंतरावर बसतील. २०२० ने या वादात पहिल्यांदाच तिसरे उत्तर आणले. कोणीच कोणाकडे जायचे नाही. मधे दूरध्वनी असेल.

३

शासनाने ‘शाळा बंद पण शिक्षण सुरू’ अशी घोषणा केली. दीक्षा ॲपवर पाठ आले, जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली, आदिवासी विकास विभागाने ‘अनलॉक लर्निंग’ हा उपक्रम काढून कार्यपुस्तिका आणि शिक्षक पाड्यांपर्यंत पोहोचवण्याचा प्रयत्न केला. या प्रयत्नांत तळमळ नव्हती असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. परंतु घोषणेतला ‘पण’ फार मोठा भार वाहत होता. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या फेरीत देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी १४.९ टक्के कुटुंबांतच इंटरनेटची सोय आढळली होती. डोंगरांच्या कुशीत विखुरलेल्या पाड्यांवर, जेथे साधा आवाज ऐकू यायलाही टेकडी चढावी लागते, तेथे या आकड्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रासह पंधरा राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांतील गरीब वस्त्यांत झालेल्या ‘स्कूल’ या सर्वेक्षणात ग्रामीण मुलांपैकी केवळ ८ टक्के मुले नियमित ऑनलाइन शिकत होती आणि ३७ टक्के मुले अजिबात शिकत नव्हती. ग्रामीण दलित-आदिवासी मुलांत नियमित शिकणाऱ्यांचे प्रमाण ४ टक्क्यांच्या आसपास होते.

शाळा बंद झाली म्हणजे येथे नेमके काय काय बंद झाले, हेही पाहिले पाहिजे. आश्रमशाळा बंद झाली तेव्हा निवासी मुले घरी आली आणि घरातील खाणारी तोंडे एकाएकी वाढली. दुपारचे शिजवलेले अन्न थांबले. त्याऐवजी तांदूळ आणि कडधान्य घरी देण्यात आले, पण कोरडा शिधा साऱ्या घराचा असतो, ताट एका मुलाचे असते. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील १९९२ चे बालमृत्यू ज्या प्रदेशाच्या स्मरणात आहेत, तेथे हा फरक बारीक नाही. मजुरी बुडाली. सप्टेंबर २०२० मध्ये शासनाने खावटी अनुदानाची योजना पुन्हा आणली, प्रत्येक कुटुंबामागे चार हजार रुपयांची, निम्मे रोख आणि निम्मे वस्तुरूप. आणि जेव्हा भट्ट्या पुन्हा पेटल्या, तेव्हा मुलाला गावात मागे ठेवण्यास वसतिगृहच नव्हते. पूर्वी आश्रमशाळा हे स्थलांतर करणाऱ्या आईबापांपुढचे एक उत्तर होते. ते उत्तर काढून घेतल्यावर मूल भोंग्यात गेले. २०२२ मध्ये मोखाड्यापलीकडच्या नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुक्यात कातकरी मुले तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील मेंढपाळांकडे कामाला ठेवली गेल्याचे उघड झाले. कातकऱ्यांचे दारिद्र्य आणि वेठ साथीच्या कितीतरी आधीची आहे. परंतु मूल दिसेनासे झाले हे ज्या ठिकाणी प्रथम लक्षात येते, ते ठिकाण शाळा असते. हजेरी घेणारा कोणी नसेल, तर गैरहजेरी हा शब्दच नाहीसा होतो.

शाळा उघडण्याचा क्रम येथे विशेष महत्त्वाचा आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये नववी ते बारावीचे वर्ग उघडले. जानेवारी २०२१ मध्ये पाचवी ते आठवीचे. दुसऱ्या लाटेत सारे पुन्हा मिटले. ऑक्टोबर २०२१ मध्ये ग्रामीण भागात पाचवीपासून पुढचे वर्ग पुन्हा सुरू झाले आणि १ डिसेंबर २०२१ रोजी, सर्वांच्या शेवटी, पहिली ते चौथी. तेही जानेवारी २०२२ मध्ये काही आठवड्यांसाठी पुन्हा बंद झाले. परीक्षा ज्याची जवळ, तो आधी, असे यामागचे तर्कशास्त्र होते. लहान मुले स्वतःला सांभाळू शकणार नाहीत, ही भीतीही होती. पण परिणाम असा झाला, की ज्याला पुस्तक स्वतः वाचता येते तो प्रथम वर्गात आला आणि ज्याला अजून अक्षरच भेटायचे होते तो सर्वांत उशिरा. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेले मूल वर्गात प्रथम बसले तेव्हा ते दुसरीत होते. जून २०१९ मध्ये पहिलीत आलेल्याने नऊ महिने काढले आणि तो थेट तिसरीत उगवला.

सियेरा लिओनमध्ये इबोलाच्या साथीमुळे २०१४-१५ मध्ये शाळा सुमारे नऊ महिने बंद होत्या आणि तेथे रेडिओवरून पाठ देण्यात आले. उघडल्यावर गर्भवती मुलींना वर्गात येण्याची मनाई करण्यात आली आणि ती मनाई २०२० मध्ये उठली. गरीब प्रदेशांत साथीनंतर कोण परत येत नाही, याचा तो अगदी ताजा धडा होता. तो वाचायला जगाला पाच वर्षे मिळाली होती.

४

या अंधारात जव्हार-मोखाड्यातूनच एक प्रयोग पुढे आला आणि त्याची बातमी देशाबाहेरही गेली. दिगंत स्वराज फाउंडेशन या संस्थेने २०२० मध्ये ‘बोलकी शाळा’ सुरू केली. ध्वनिमुद्रित पाठ, एक ध्वनिवर्धक आणि सोबत स्वयंसेवक. मुले झाडाखाली अंतर ठेवून बसत आणि ध्वनिवर्धक शिकवत असे. दूरध्वनी नको, जाळे नको, वीजही नावापुरती. कुरणशाळेची ती नात म्हणावी अशी कल्पना होती. शाळा पुन्हा एकदा मुलाकडे चालत आली होती.

बोलकी शाळा येथे रुजली याला सांस्कृतिक कारणही आहे. हा प्रदेश कानाने शिकणाऱ्यांचा आहे. वारली लग्नात धवळेरी गाणी म्हणते ती कागदावरून म्हणत नाही. कणसरीची कथा, तारप्याचे सूर, बोहाड्यातील सोंगांचा क्रम हे सारे एका पिढीच्या तोंडून दुसऱ्या पिढीच्या कानात उतरलेले आहे. ऐकणे आणि लक्षात ठेवणे यांत येथील मूल शहरी मुलाच्या पुढेच असेल. म्हणून ध्वनिवर्धकातून आलेला पाठ त्याला परका वाटला नाही.

पण नेमक्या याच ठिकाणी महामारीने काय नेले ते स्पष्ट होते. कानाने गोष्ट मिळते, गाणे मिळते, पाढा मिळतो, धीर मिळतो. अक्षर मिळत नाही. ‘क’ कानाने ऐकता येतो. तो कोठून सुरू होऊन कोठे वळतो, हे पाहावे लागते, गिरवावे लागते आणि चुकल्यावर कोणीतरी हात धरून पुन्हा वळवावा लागतो. वाचन ही बोलण्यासारखी आपोआप येणारी गोष्ट नाही. ती सावकाश, रोज, कोणाच्या तरी शेजारी बसून शिकायची कारागिरी आहे. येथे तिच्यात आणखी एक अडचण मिसळते. वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर मुलाच्या घरची बोली आणि पाठ्यपुस्तकाची प्रमाण मराठी यांत अंतर आहे. पुण्याच्या मुलाला अक्षर शिकताना भाषा शिकावी लागत नाही. या मुलाला अक्षर आणि भाषा एकाच वेळी शिकावी लागते आणि दोन्हींची भेट एकाच इमारतीत होते. ती इमारत बंद झाली तेव्हा त्याचा प्रमाण मराठीशी असलेला संबंधच तुटला.

‘असर’च्या पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात तिसरीतील ज्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत होता, त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होते. २०२२ मध्ये ते २०.५ टक्क्यांवर आले. हे साऱ्या ग्रामीण भारताचे चित्र आहे. ज्यांच्या घरी पुस्तक नाही आणि घरची बोली पुस्तकाची नाही, त्यांची घट सरासरीत विरघळून जाते. शासनाने जुलै २०२१ पासून ४५ दिवसांचा सेतू अभ्यास आखला. सेतू हा शब्द सुंदर आहे. परंतु पूल बांधण्यासाठी अलीकडचा काठ असावा लागतो. ज्याने पहिली पाहिलीच नाही, त्याला मागील इयत्तेची उजळणी कशाची द्यायची?

५

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी या प्रश्नाकडे का पाहावे? आपण ज्याला आदिवासी साहित्य म्हणून अभ्यासक्रमात लावतो, त्याच्या अस्तित्वाची पूर्वअट शाळा ही आहे. वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ १९८७ मध्ये आला, भुजंग मेश्राम यांचा ‘उलगुलान’ १९९० मध्ये. त्यापूर्वी या समाजांविषयी प्रामुख्याने बाहेरच्यांनी लिहिले आणि त्यांतले काही अत्यंत मोलाचे आहे. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ला १९७२ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, वारल्यांच्या उठावाचे ते पुस्तक याच जिल्ह्याच्या मातीतले आहे. पण वारल्यांनी स्वतः कागदावर स्वतःची गोष्ट मांडणे हा वेगळा टप्पा आहे आणि तो एकेका मुलाच्या अक्षरओळखीतून येतो. दोन वर्षांत गेलेला प्रत्येक वाचक हा त्या टप्प्यातला एक गेलेला संभाव्य लेखक आहे. शहरी मुलांनी टाळेबंदीच्या दैनंदिन्या लिहिल्या, त्यांचे संग्रहही निघाले. जव्हारच्या मुलाजवळ त्या काळाविषयी सांगण्यासारखे अधिक होते. त्याच काळाने त्याचे लिहिण्याचे साधन काढून घेतले. महामारीचा हा दुहेरी परिणाम असा, की ज्याच्यावर आघात सर्वांत मोठा, त्याची साक्ष सर्वांत कमी.

इतिहासलेखनाच्या दृष्टीने यावर एकच उपाय दिसतो आणि तो या प्रदेशाला परका नाही : ऐकणे. जून २०२० मध्ये पहिलीत नाव असलेले मूल नेमाने पुढे गेले, तर मार्च २०३० मध्ये दहावीला बसेल. तोवर त्याचे आईबाप, पाड्यावर पायी गेलेले शिक्षक, ध्वनिवर्धक उचलून नेणारे स्वयंसेवक आणि शिधा वाटणाऱ्या अंगणवाडी सेविका यांच्या आठवणी ताज्या आहेत. महाविद्यालयांतील मराठी विभाग बोलींचे शब्द आणि लोकगीते गोळा करण्यासाठी या पाड्यांवर जातच असतात. त्याच वहीत या दोन वर्षांची तोंडी साक्ष उतरवता येईल. सांगणाऱ्याच्या बोलीत, त्याची भाषा न सुधारता. आणि जाताना एक काम अधिक करता येईल. सहावी-सातवीतल्या मुलाला शेजारी बसवून एक पान मोठ्याने वाचायला सांगायचे आणि जेथे तो अडखळेल, तेथून शिकवायला सुरुवात करायची. ताराबाई आणि अनुताईंनी कुरणात हेच केले होते : मूल जेथे आहे, तेथून आरंभ.